मदत हवी आहे: आयर्लंडच्या नकाशात मीथचं काय करू?

नमस्कार मंडळी. आयर्लंडच्या जुन्या प्रांतांवर लेख लिहितेय आणि सोबतच्या नकाशापाशी गाडी अडलीये.

आज प्रांत चार: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट. कारभारात त्यांना फारसा अर्थ नाही, पण रग्बीचे संघ अजून त्यांच्याच नावाने खेळतात. परंपरा मात्र पाच प्रांत सांगते. पाचवा मीथ, म्हणजे आयर्लंडच्या जुन्या राजांचं पीठ मानल्या जाणाऱ्या ताराच्या टेकडीचा मुलूख. तो पुढे लेन्स्टरमध्ये जिरला.

खरी पंचाईत काळाची, कारण माझा नकाशा ११५० च्या सुमाराचा, म्हणजे इंग्लंडकडून नॉर्मन चालून येण्याच्या थोडा आधीचा आहे. आजच्या हिशेबाने अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या (जिल्हे): सहा उत्तर आयर्लंडमध्ये, तर डॉनेगल, कॅव्हन आणि मोनॅहन प्रजासत्ताकात. पण त्या काळी ज्यांच्यावरून हे नाव आलं त्या उलाइड लोकांचं राज्य अँट्रिम-डाउनच्या पूर्व कोपऱ्यात आक्रसलेलं होतं. मग पूर्ण अल्स्टर एका रंगात रंगवणं ही सरळ थाप नाही का? काउंट्यांच्या हद्दी वापराव्यात तर त्या इंग्रजी अंमलात पडलेल्या. विकलो तर थेट १६०६ ची. क्लेअरची आणखी गंमत, सोळाव्या शतकात कॉनॉटला जोडलं आणि नंतर परत मन्स्टरला.

१६५६-५८ च्या डाउन सर्व्हेचे, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या आयर्लंडच्या जमीनमोजणीचे, नकाशे पाहिले. सुंदर आहेत, पण माझ्या कामाला पाचशे वर्षं उशिराचे.

नॉर्मन येण्याआधीच्या राज्यांचा भरवशाचा नकाशा कुणाला माहीत आहे का? आणि मीथची हद्द ठळक रेषेने दाखवावी की नुसती तुटक?