जुना आणि नवा दोन्ही बघायचे आहेत, कुठल्या जोड्या सुचवाल?

शेवटची_रांग

घरात सध्या रोज एकच वाद आहे. माझ्या बाबांना रिमेक म्हटलं की राग येतो. "एकदा नीट झालेलं काम पुन्हा कशाला करायचं?" असं त्यांचं म्हणणं. मुलगी पंधरा वर्षांची. कृष्णधवल सिनेमा लावला की दहा मिनिटांत उठते, पण तीच गोष्ट नव्या रूपात आली तर शेवटपर्यंत बसते आणि मग विचारते, "जुन्यातही असंच होतं का?" तिच्या या प्रश्नावरूनच मी ठरवलं की दर शनिवारी-रविवारी मिळून एक जोडी बघायची, तिघांनी एकत्र.

मूळ आणि नवा दोन्ही मनापासून आवडलेत अशा जोड्या सांगा. मूळ अप्रतिम आणि नवा टाकाऊ अशा दोन जोड्या आमच्या बघून झाल्या, त्यामुळे बाबांच्या हातात आयतं कोलीत मिळालंय. आणि आधी कुठला लावू? कृपया शेवट कुणी फोडू नका.

कृष्णधवल

ताई, सुरुवात 'इकिरू' (१९५२) आणि 'लिव्हिंग' (२०२२) या जोडीने करा. पहिला अकिरा कुरोसावांचा, दुसरा ऑलिव्हर हर्मानस यांचा. 'लिव्हिंग'ची पटकथा काझुओ इशिगुरो यांनी लिहिली आहे.

आयुष्यभर कागदांवर शिक्के मारत बसलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याला कळतं की आपल्याकडे थोडेच महिने उरलेत. कथा एवढीच. कुरोसावांचा चित्रपट उघडतो तो थेट पोटाच्या एक्स-रेवर! मग काही बायका मुलांसाठी बाग हवी म्हणून अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या खात्यातून त्या खात्यात पाठवलं जातं. एक टेबल पडद्यावरून पुसलं जातं, दुसरं येतं, पुन्हा पुसलं जातं. एवढ्यातच सगळी व्यवस्था समोर उभी राहते.

'लिव्हिंग' हे सगळं १९५३च्या लंडनमध्ये नेतो, आणि तिथे खरी मजा येते. 'इकिरू'मधला ताकाशी शिमुरा यांचा नायक वाकलेला, घशात शब्द अडकलेला, ओल्या डोळ्यांचा आहे. बिल नाय यांचा नायक ताठ, इस्त्रीतला, इतका सभ्य की स्वतःच्या मुलालाही आजार सांगू शकत नाही. एकाच माणसाचं दुःख दोन समाजांत कसं वेगवेगळं दडपलं जातं, हे बघायला मिळतं. मूळ चित्रपट १९५२चा असूनही इशिगुरोंना नवं सांगण्यासारखं काही होतं, म्हणून हा रिमेक उभा राहतो.

मुलगी सोबत असेल तर आधी 'लिव्हिंग' लावा. तो पावणेदोन तासांच्या आत संपतो, 'इकिरू' जवळपास अडीच तासांचा आहे. कथा माहीत असली की संथपणा जाचत नाही, कारण पुढे काय होणार यापेक्षा कसं होणार याकडे लक्ष जातं.

रीळ_क्र_७

वरच्या जोडीला माझा दुजोरा, पण आधी नवा हा नियम सगळीकडे लावू नका. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) बघाल तेव्हा आधी जुनाच लावा. तो कृष्णधवल असला तरी मुलगी उठणार नाही, माझी खात्री आहे. खटल्याचा निकाल ठरवणारी बारा माणसं, म्हणजे ज्युरी, एक खोली, दीड तास. सिडने ल्युमेट यांनी कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, भिंगंही बदलत नेली. त्यामुळे खोली आकसत गेल्यासारखी वाटते आणि शेवटी शेवटी छतसुद्धा दिसायला लागतं. मुलीला हे आधी सांगू नका. बघून झाल्यावर विचारा, खोली लहान झाल्यासारखी वाटली का?

हिंदी चित्रपट दृश्यांच्या बाबतीत मूळच्या फार जवळ आहे. ज्युरी पद्धत तोपर्यंत आपल्याकडे बंदही झाली होती. तरी तो बघायचा तो पंकज कपूर यांच्यासाठी. तिशीतला नट, पण आतून जळणारा वयस्क बाप असा उभा केलाय की शेवटच्या दृश्यात बघणाऱ्याचाही श्वास अडकतो.

भिंगातून

मी थोडं उलटं सांगते. एक फसलेली जोडीसुद्धा मुद्दाम बघा: 'सायको' (१९६०) आणि गस व्हॅन सँट यांचा १९९८चा 'सायको'. पटकथा जवळपास तीच, कॅमेऱ्याच्या जागाही बहुतेक त्याच, फक्त रंगीत. आणि चित्रपट निर्जीव! रिमेक म्हणजे नक्कल असं बाबांना वाटत असेल तर नक्कल कशी असते ते यात दिसेल, आणि मग बाकीचे रिमेक नक्कल नाहीत हेही त्यांना पटेल. मूळ 'सायको' मुलीला दाखवायचा का, ते मात्र तुम्ही आधी स्वतः बघून ठरवा.

'द थिंग' (१९८२) तिला आताच नको, फार रक्त आणि किळसवाणं आहे. तुम्ही आणि बाबांनी बघायला हरकत नाही. १९५१च्या जुन्या चित्रपटात परग्रहावरचा राक्षस बाहेरून येतो, तर नव्याचे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर ज्या कथेवर तो बेतला होता त्या मूळ कथेकडे परत गेले, जिथे तो कुठल्याही माणसाचं रूप घेतो. मग भीती राक्षसाची उरत नाही, शेजारी बसलेल्या माणसाची वाटायला लागते. रक्त तपासायच्या प्रसंगात मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

पडद्यामागे

गाणी आवडत असतील तर 'वेस्ट साइड स्टोरी', १९६१ आणि २०२१. रिटा मोरेनो दोन्हींत आहेत, आधी तरुण अनिता आणि साठ वर्षांनी व्हॅलेंटिना. नव्या चित्रपटात स्पीलबर्गनी स्पॅनिश संवादांना उपशीर्षकं दिलेली नाहीत. ते मला फार पटलं, ती भाषाही तिथल्या माणसांची आहे आणि ती तशीच ऐकायची.

आणि बाबांना एक विचारा: 'अशी ही बनवाबनवी' आवडतो का? तो हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून केलेला आहे.

शेवटची_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी 'लिव्हिंग' आणि रविवारी 'इकिरू' झाला. मुलगी जागची हलली नाही. बनवाबनवीचं सांगितल्यावर बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "तो वेगळा."

'इकिरू'मध्ये नायक रात्री शहरात भटकतो, त्याची जुनी हॅट जाते आणि तो नवी घेतो. तिथे मुलगी ओरडली, "आजोबा, काल पण हॅट गेली होती!" बाबांनी चित्रपट थांबवायला लावला, 'लिव्हिंग'मधला तो भाग परत लावून घेतला, आणि दोघं शेजारी बसून कुठल्या हॅटमध्ये माणूस जास्त एकटा दिसतो यावर वाद घालत राहिले. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

येत्या शनिवारी बारा माणसांची खोली. बाबांनी बजावलंय, आधी जुना.