उपयोगिता प्रमाणपत्र परत आलंय, पुढचा हप्ता अडकलाय

प्रश्न: केंद्राच्या अनुदानावरच्या प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला) 'व्याज व शिल्लक जुळत नाही' असा शेरा मारून परत आलंय. विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडे नेमकं काय मागू?

उत्तर १: मॅडम, आधी प्रकल्पाची खातेवही आणि १ एप्रिल ते ३१ मार्चचा बँक उतारा मागा. दोन्ही ओळीने ताडून बघा. बहुतेकदा घोळ एकाच जागी असतो: उपकरणाची ऑर्डर मार्चमध्ये गेली, पैसे मेमध्ये दिले, आणि रक्कम मार्चच्या खर्चात धरली. ती खर्च नव्हे, बांधील रक्कम, म्हणजे द्यायची ठरली पण अजून दिली नाही अशी; वेगळी दाखवायची. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज हे सरकारचं. ते भारतकोशवर (केंद्र सरकारकडे पैसे भरायचं संकेतस्थळ) भरून पावती सोबत जोडा.

उत्तर २: प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) मधल्या १२-ए नमुन्यातच आहे ना, तेही बघा. खर्चाच्या विवरणात मनुष्यबळ, साहित्य, प्रवास मंजुरीपत्रातल्याच शीर्षाखाली हवेत. प्रवासाचे पैसे रसायनांवर परस्पर वळवले असतील तर मंजुरीशिवाय ते टिकत नाही.

उत्तर ३: सह्यांना वेळ लागतो, म्हणून वित्त विभागाकडे फाइल एप्रिलमध्येच द्या. नवीन प्रस्तावाचंही तेच: कुलसचिवांच्या सहीचं संमतीपत्र शेवटच्या दिवशी मिळत नाही. कक्षाला अंदाजपत्रक निदान दोन आठवडे आधी दाखवा.