सांगलीतला सोसायटी ग्रुप: नव्या इलेक्ट्रिक गाडीला फिल्म लावायची का?

ए-304: नमस्कार मंडळी. गाडी आली, पेढे सगळ्यांकडे पोचले असतील. आता एक शंका. शोरूमवाला म्हणतोय पीपीएफ आणि काचांची फिल्म दोन्ही करून घ्या, एक लाख दहा हजार. आजच ठरवलं तर पाच हजार कमी. काय करू?

आबा, ए-101: पेढे पोचले. बॉक्सात दोन कमी होते.

आबा, ए-101: पीपीएफ म्हंजे पोस्टातलं का? पंधरा वर्षांनी मिळतंय ते?

बी-202: आबा, ह्यात घातलेले परत मिळत नाहीत 😀 गाडीच्या रंगावर चिकटवायचं पारदर्शक प्लास्टिक असतंय ते.

बी-202: आणि 304, "आजच" म्हणला ना तो? मग आज नको. आधी विचार, फिल्म टीपीयू आहे का पीव्हीसी. टीपीयू ओढली की ताणते, सोडली की जागेवर येते. पीव्हीसी ताणली की तशीच लोंबते, पुढं कडक होते आणि पिवळी पडते.

सेक्रेटरी: पिवळी करायला फिल्म कशाला, मार्केट यार्डात लावा की. हळदीचे सौदे चालू आहेत 😄

बी-202: हसू नगा सेक्रेटरी. माझ्या आधीच्या पांढऱ्या गाडीला स्वस्तातली लावली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात लोक विचारायला लागले, गाडीचं लग्न ठरलंय काय.

डॉक्टर मॅडम, बी-401: मी माझ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग केलंय. तेवढं पुरे नाही का?

बी-202: मॅडम, ते वेगळं. कोटिंग म्हणजे जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर. पाणी घसरतं, धुवायला सोपं पडतं, चमक राहते. खड्यापुढं त्याचं काही चालत नाही. चांगली पीपीएफ 200 मायक्रॉनच्या आसपास असते. कंपनीचा रंग प्रायमरपासून वरच्या क्लिअरकोटपर्यंत सगळा धरून 100 ते 150 मायक्रॉन. म्हणजे रंगापेक्षा जाड कातडं वरनं चढवायचं. मार ते खातं. फडक्याचे बारीक ओरखडे उन्हात नाहीतर गरम पाण्यानं भरून येतात. पण किल्लीनं कुणी ओढलं तर ते काही भरत नाही.

ए-304: मग सगळ्या गाडीला लावू?

बी-202: रोज जातोस कुठं?

ए-304: इस्लामपूर. आठवड्यातनं एकदा कराड.

बी-202: म्हणजे पेठ नाक्याला हायवे लागला. तिथं सहापदरीकरणाचं काम, डंपर, आणि सीझनला उसाच्या ट्रॉल्या. मार बसतो तो पुढचा बंपर, बॉनेट, हेडलाइट, आरसे आणि पुढच्या फेंडरवर. आणखी एक जागा लोक विसरतात. दाराखालची पट्टी, चाकाच्या मागची. इलेक्ट्रिक गाडी सिग्नलवरनं सुटते ना, तवा तिचंच चाक खडी मागं फेकतंय. एवढ्याला लाव. मागच्या दारांना कशाला? छत तर तुझं काचेचंच आहे.

आबा, ए-101: ट्रॉलीला नावं ठेवू नगा. आमचा ऊस जातोय त्यातनं.

बी-202: ऊस जाऊ दे की आबा, मागं एक लाल दिवा तेवढा लावून जाऊ दे.

बी-202: आता हे बघा. जुनी गाडी विकताना फिल्म काढली तवाचा फोटो.

[फोटो]

मास्तर, बी-302: दाराचं हँडल दिसतंय. बाकी काही दिसत नाही.

बी-202: मोठा करून बघा सर. हँडलभोवती केसासारखी रेघ आहे. मला वाटलं गोंद राहिलाय. नखानं खरवडायला गेलो तर नख त्यात अडकलं. लावणाऱ्यानं फिल्म दारावर पसरून तिथंच ब्लेडनं कापली होती. ब्लेड फिल्म ओलांडून रंगात गेलेलं. चार वर्षं ती रेघ खाली झाकून होती. रेघेच्या खालच्या टोकाला तांबडा ठिपका आहे बघा, मोहरीएवढा. तिथं पाणी शिरून गंज धरलाय. घेणाऱ्यानं नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं आणि आठ हजार पाडले.

ए-304: बाप रे. मग हे टाळायचं कसं?

बी-202: प्लॉटरवर कापलेली फिल्म घ्यायची. गाडीच्या मॉडेलचं माप कॉम्प्युटरमधे असतं, तुकडे बाहेरच कापून येतात, गाडीला ब्लेड लागत नाही. तुझं मॉडेल नवीन आहे, माप नसलं तर तो हातानं कापतो म्हणेल. मग धाग्याची टेप मिळते ती वापरायला सांग. टेप खाली लावायची, वर फिल्म बसवायची आणि टेपमधला धागा ओढायचा. फिल्म कापली जाते, रंगाला काही होत नाही. टेप कशाला, माझा हात बसलाय म्हणाला तर तिथनं उठायचं.

वकीलसाहेब, ए-402: काचांचं काय ठरलं? त्यात कायदा आहे.

मास्तर, बी-302: सुप्रीम कोर्टाची बंदी आहे ना?

वकीलसाहेब, ए-402: 27 एप्रिल 2012 चा निकाल. काचेवर कुठलीही फिल्म चिकटवायची नाही, असाच त्याचा अर्थ होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. पुढे नियम बदलला. 1 एप्रिल 2021 पासून त्यात सेफ्टी ग्लेझिंग आलं, म्हणजे आतून प्लास्टिक फिल्म असलेली काचसुद्धा. त्यावर बोट ठेवून केरळ हायकोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की या टक्केवारीत बसणारी फिल्म चालते.

सेक्रेटरी: म्हणजे लावायला हरकत नाही.

वकीलसाहेब, ए-402: कोर्टात मांडायला मुद्दा चांगला आहे. पण भर उन्हात चौकात उभा असलेला हवालदार केरळचा निकाल वाचत बसत नाही. दंड पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलात तर 1500. फिल्म तिथंच फाडून काढायला लावली तर तिचे पैसे गेले ते वेगळेच. काळी फिल्म तर अजिबात नको. 70 टक्केवाली घेतली तरी फिल्मच्या टक्केवारीचा कागद गाडीत ठेवा.

मास्तर, बी-302: थांबा, इथे गणित चुकतंय. फिल्म 70 टक्के म्हणजे काच 70 टक्के होत नाही. काच स्वतःही थोडा उजेड अडवते. समजा काच 75 टक्के आहे. तिच्यावर 70 ची फिल्म लावली तर 0.75 गुणिले 0.70, म्हणजे साडेबावन्न. बाजूच्या काचेला कसंबसं पास. आता पुढच्या काचेला 90 ची, डोळ्यांना दिसणारही नाही अशी फिल्म लावा. 0.75 गुणिले 0.90, साडेसदुसष्ट. नापास!

वकीलसाहेब, ए-402: सर, हे कुठल्याही दुकानदाराने आजवर सांगितलेलं नाही 🙏

मास्तर, बी-302: सहावीला दशांश अपूर्णांकाचा गुणाकार असतो. दुकानदार बहुधा माझ्याच वर्गात होता.

ए-304: पण दुकानात दिव्याखाली हात धरायला लावला होता. फिल्मच्या मागे दिवा गारच लागला. 95 टक्के उष्णता अडवते म्हणाला.

डॉक्टर मॅडम, बी-401: मलाही दाखवला होता तो दिवा. तो इन्फ्रारेडचा असतो. उन्हातली साधारण अर्धी ऊर्जा इन्फ्रारेड, उरलेली बहुतेक दिसणारा उजेड आणि थोडी अल्ट्राव्हायोलेट. त्याचे 95 टक्के फक्त त्या अर्ध्यातले, तेही बऱ्याचदा ठरावीक पट्ट्यापुरते मोजलेले. विचारायचं ते टीएसईआर. सगळ्या ऊर्जेपैकी किती अडवली, तो आकडा. तो बराच कमी निघतो.

ए-304: एसी कमी लागून रेंज वाढते हे तरी खरं ना?

डॉक्टर मॅडम, बी-401: गाडी एकदा गार झाली की एसी साधारण एक किलोवॉट खातो असं धरू. तासाला एक युनिट, म्हणजे सहा-सात किलोमीटर. त्यातला तिसरा हिस्सा फिल्मने वाचवला तरी तासाला दोन किलोमीटर. चेहऱ्यावर ऊन कमी लागेल म्हणून लावा, रेंजसाठी नको. त्यापेक्षा निघायच्या आधी गाडी चार्जरला असतानाच ॲपवरून एसी सुरू करा. मी तेच करते.

बी-202: मॅडमनी त्या फिल्मवाल्याच्या दुकानाचं वाटोळं केलं असतं 😀 भावा, आणखी एक. धातूचा थर असलेली फिल्म पुढं लावलीस तर फास्टॅग वाचला जात नाही. पुण्याला जाताना तासवडे टोलवर मागचे हॉर्न ऐकत बसशील. सिरॅमिक फिल्ममधे धातूचा थर नसतो.

ए-304: पुढची काच मोकळीच ठेवतो. सरांनी नापास केलीय.

बी-202: बरं झालं. फिल्म बसवताना काचेवर पाण्याचे फवारे मारतात, पुढच्या काचेचं सगळं पाणी डॅशबोर्डात उतरतं. तुझा तो टीव्हीएवढा स्क्रीन तिथंच आहे. दारातसुद्धा काचेच्या बटणांवर टॉवेल टाकायला लाव आणि तिथनं हलू नकोस. मागच्या दुकानात मी चहाला गेलो आणि परत आलो तवा ड्रायव्हरची काच आपोआप खालीवर होत होती. पंधरा दिवस खेळली ती काच. आणि बंपरवरचे गोल सेन्सर, पुढचा कॅमेरा ह्यांच्यावर फिल्म चढवू द्यायची नाही. चार्जिंगच्या झाकणाला मात्र लावून घे. गन तिथंच ठोकली जाते.

मास्तर, बी-302: खर्च किती येतो मग?

बी-202: पुढचा भाग आणि दाराखालच्या पट्ट्या, मला अठ्ठावीस हजार पडले होते. मी तासगावला बेदाण्याच्या सौद्याला जातो, गाडी बागेच्या कडेला लावतो, फवारणीतला मोरचूद-चुना बॉनेटवर उडतो. धुतला की निघतो, रंगाला डाग नाही. मला पैसे फिटले. जी गाडी विश्रामबाग सोडून जात नाही तिला कोटिंगसुद्धा जास्त आहे.

ए-304: ठरलं. पुढचा भाग, पट्ट्या, चार्जिंगचं झाकण. काचांपैकी फक्त बाजूच्या, 70 ची सिरॅमिक, तीही दुकानदारानं मीटर लावून दाखवली तर. माणूस घरी येऊन करतो म्हणतोय, रविवारी पार्किंगमधे चालेल ना सेक्रेटरी?

सेक्रेटरी: पार्किंगमधे नाही. रविवारी टाकी धुवायची आहे, पाणी दहापर्यंतच.

बी-202: पार्किंगमधे करूच नकोस. धूळ उडते. फिल्मखाली एक कण अडकला तर तांदळाएवढा फुगवटा दिसतो आणि रोज तिथंच नजर जाते. बंद खोली असलेल्याकडं जा. लावल्यावर आठवडाभर गाडी धुवायची नाही, काचा चार दिवस खाली करायच्या नाहीत.

ए-304: पहाटे गाडी पुसणाऱ्याला सांगायला पाहिजे मग. तो ओलं फडकं मारतो.

सेक्रेटरी: जरूर सांगा. मागच्या महिन्याचे त्याचे दोनशे तुमच्याकडे बाकी आहेत, तेही त्याच वेळी द्या.