तेल उडालं तर हात आपोआप मागे, मग गरम पातेलं हातातून का नाही सुटलं?

इंदूरची_सूनबाई
मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. रविवारी गराडू (रताळ्यासारखा कंद) तळत होते (थंडीत इंदूरात दुसरं काय करणार), तेलाचा थेंब मनगटावर उडाला आणि हात असा झटक्यात मागे आला की झारा थेट सिंकमध्ये. "आई गं" नंतर निघालं, हात आधी पळाला. लेक दहावीला आहे, तिने लगेच लेक्चर झाडलं की आई ही रिफ्लेक्स अ‍ॅक्शन, यात मेंदूला कोणी विचारत नाही, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची दोरी) परस्पर काम उरकतो. ठीक आहे बाई. पण संध्याकाळी मीच कढीचं भरलेलं पातेलं पातळ फडक्याने धरून टेबलाकडे निघाले, अर्ध्या वाटेत बोटं भाजायला लागली तरी सोडलं नाही, नाचत नाचत नेऊन ठेवलं. तेव्हा मेरुरज्जू काय झोपला होता का? लेक म्हणते हे सिलॅबसमध्ये नाही 😄

राजवाड्याचा_मास्तर
ताई, लेकीचं बरोबर आहे. त्वचेतून निघालेला सिग्नल संवेदी चेतापेशीतून मेरुरज्जूत जातो, तिथे मधली एक चेतापेशी तो पुढे देते, मग प्रेरक चेतापेशी स्नायूला सांगते की ओढ. बस, सेकंदाचा छोटासा तुकडा. वर मेंदूलाही खबर जाते पण ती पोचेपर्यंत हात निघालेला असतो, म्हणून "आई गं" उशिरा. पातेल्याचं मात्र मलाही नीट सांगता येणार नाही, बहुतेक कढी वाया जाईल म्हणून 😀

फिजिओताई
मास्तर, चेष्टेत बोललात पण खरंच तसंच आहे. मेंदूला विचारत नाहीत म्हणजे मेंदूचा काही संबंधच नाही असं नव्हे. मेंदूतून खाली मेरुरज्जूकडे सतत तारा येत असतात आणि त्या हे सर्किट ढिलं किंवा घट्ट करतात. तेल अचानक उडालं, मेंदूला तयारीच नव्हती. पातेलं गरम आहे हे तुम्हाला उचलतानाच माहीत होतं, खाली फरशी, आजूबाजूला पोरं, म्हणून वरून आधीच ब्रेक लागलेला. त्यात चटकाही हळूहळू वाढत गेला, एकदम नाही. पण पातेलं खरंच लालबुंद असतं तर ब्रेकबिक काही चाललं नसतं, हात सुटलाच असता.

अजून एक गंमत, हात मागे ओढताना कोपर वाकवणारा स्नायू आखडतो आणि त्याच क्षणी सरळ करणाऱ्याला गप्प बसायचा हुकूम जातो, नाहीतर दोघांची रस्सीखेच होईल. यावर शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आयुष्यभर काम केलं, 1932 चं नोबेल त्याला एड्रियन या दुसऱ्या इंग्रज शास्त्रज्ञाबरोबर मिळालं. खिळ्यावर पाय पडला की तो पाय वर येतो आणि दुसरा आपोआप ताठ होतो तेही यातलंच, नाहीतर आपण तिथेच आडवे.

वरचा ब्रेक बघायचा असेल तर घरी करून बघा. कोणाला तरी उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसवा, वाटीच्या खालच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणारा घट्ट पट्टा) तळहाताच्या कडेने हलकेच मारा (वाटी म्हणजे गुडघ्याची, किचनमधली नाही). पाय नीट उडाला नाही तर त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि तेव्हाच परत मारा, वरचा ब्रेक ढिला झाला की पाय उडेल. आम्ही पेशंटला रोज हेच सांगतो.

पोहे_जिलबी_शेव
आमच्या बाबांना 15 वर्षं शुगर आहे, डॉक्टरांनी टाचेच्या वर हातोडी मारली तर पाय हललाच नाही. हे त्यातलंच का?

फिजिओताई
हो, शुगरने लांबच्या नसा आधी खराब होतात म्हणून पावलापासून सुरुवात होते. पण वय वाढलं की टाचेचा रिफ्लेक्स तसाही कमी होतो, म्हणून नुसत्या हातोडीवरून ठरवू नका. बाबांना अनवाणी फिरू देऊ नका आणि रोज रात्री तळवे बघा. नसा खराब असतील तर टाचणी टोचली तरी पाय कदाचित मागे येणार नाही, त्यांना कळणारही नाही.

इंदूरची_सूनबाई
फिजिओताई, नवऱ्याला बसवलं! दोनदा मारलं, ढिम्म. बोटं अडकवून ओढायला लावलं तर पाय असा उडाला की टीपॉयवरचा चहा सांडला, आता मलाच पुसायचाय. पण लेकीने नवीन काढलंय, तिने कुठेतरी बघितलं की गुडघ्याच्या रिफ्लेक्समध्ये ती मधली चेतापेशी नसतेच. मग पुस्तकातली आकृती चूक का?

फिजिओताई
लेक हुशार आहे हो. गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याचा निरोप थेट प्रेरक चेतापेशीला जातो, मध्ये कोणी नाही, म्हणून तो इतका फास्ट. मधली लागते ती फक्त मागच्या स्नायूला गप्प करायला. पुस्तकातली आकृती चटक्याची आहे, ती बरोबरच आहे. बोर्डात तीच काढायला सांगा, बाणांच्या दिशा मात्र नीट दाखव म्हणावं, तिथेच मार्क जातात.