अपलोडआधीच फिल्टरची सक्ती: अहिराणी चॅनलवाल्यांना तारेल की मारेल?

गिरणाकाठ
युरोपियन संसदेनं २६ मार्च २०१९ ला कॉपीराइटचा नवा निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा) ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर केला. त्याचं कलम १७ (वाद पेटला तेव्हा ते १३ नंबरचं होतं) म्हणतं की लोकांनी चढवलेल्या गाण्या-व्हिडिओला मोठे प्लॅटफॉर्म स्वतः जबाबदार. परवाना घ्या, नाहीतर मालकानं कळवलेली कृती पुन्हा चढणार नाही यासाठी शक्य तेवढं करा. व्यवहारात याचा अर्थ एकच, अपलोड होतानाच तपासणारा फिल्टर. आपल्याकडेही असंच करा म्हणणारे कमी नाहीत. माझा विरोध आहे आणि कारण इथलंच देतो.

खान्देशात श्रावणात कानबाई देवी घरोघरी बसते. तिची गाणी पिढ्यानपिढ्या चालत आलेली, कवी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. एखादा चॅनलवाला तेच गाणं कीबोर्ड आणि संबळावर रेकॉर्ड करतो आणि वितरकामार्फत युट्यूबच्या कंटेंट आयडीत (मालकांची गाणी साठवून नव्या व्हिडिओंशी ताडणारी यंत्रणा) टाकतो. त्याचा हक्क त्या रेकॉर्डिंगवर, चालीवर नाही. पण यंत्रणा चालसुद्धा जुळवते. मग शिंदखेड्याच्या बायांनी ओसरीत म्हटलेलं, मोबाइलवर काढलेलं गाणं "चोरीचं" ठरतं. आज निदान व्हिडिओ चढतो आणि दावा नंतर येतो. सक्ती आली की तो चढणारच नाही, आणि रोट (कानबाईचा सण) संपून गेल्यावर निकाल लागून उपयोग काय?

साउंडवाला_अमळनेर
दादा, ओसरीतल्या बायांचं ठीक, पण ज्यानं पैसे घातले त्याचं बोला ना. गायक, वादक, स्टुडिओ, नाच, ड्रोन, एडिटिंग असा सगळा खर्च करून लग्नसराईच्या तोंडावर गाणं येतं. संध्याकाळी गाणं आलं की रात्रीपर्यंत तेच दुसऱ्यांच्या चॅनलवर. चित्र आरशासारखं उलटं केलेलं, आवाज अर्धा सूर चढवलेला, वर स्वतःचा लोगो. गाण्याची कमाई पहिल्या आठवड्यात होते. एकेका लिंकची तक्रार करत बसायचं, एक काढली की दोन उगवतात. एकदा "हे माझं" म्हणून सिद्ध केलं की ते परत चढूच नये, एवढंच मागणं आहे. यात कोणाचं स्वातंत्र्य बुडालं? चोराचं?

धुळे_कोर्ट
भारतात आज नेमकं काय आहे ते आधी मांडतो, नाहीतर हवेत बोलणं होतं.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(सी), आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५. मालकानं लेखी तक्रारीत कृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, ही प्रत बेकायदा का आणि कलम ५२ च्या सवलतीत (परवानगीशिवाय चालणारे वापर) का बसत नाही, ती कुठे आहे, माहीत असल्यास कोणी चढवली, एवढं द्यायचं. शिवाय दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देईन, अशी हमी. खात्री पटली तर मध्यस्थानं (म्हणजे युट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मनं) ३६ तासांत ती प्रत बंद करायची. २१ दिवसांत आदेश आला नाही तर परत सुरू करता येते.

दावा लावायला दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही. कलम ६२(२) नुसार मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं.

आता खोट. ज्याचा व्हिडिओ बंद झाला त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची पायरीच या नियमात नाही. आणि युट्यूबवर हा नियम क्वचितच चालतो, तिथे कंपनीचे घरचे नियम. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (व्हिडिओ काढून चॅनलवर लागणारा ठपका) म्हणजे चॅनल बंद होण्याची वेळ.

फिल्टरबद्दल दिल्ली उच्च न्यायालय डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस या साइटच्या प्रकरणात बोललेलं आहे. कोणत्या कृतीची नक्कल कुठे आहे याची नेमकी माहिती दिल्याशिवाय मध्यस्थ दोषी नाही, आणि आधीच सगळं तपासत बसण्याचं ओझं त्याच्यावर टाकता येत नाही. साउंडवालाभाऊ मागतात ते या निकालाच्या उलट आहे, म्हणजे कायदाच बदलावा लागेल.

पावरी
साउंडवालाभाऊ, फिल्टर कसा ओळखतो ते पाहा. आवाजातल्या ठळक वारंवारितांचा ठसा काढायचा आणि साठवलेल्या ठशांशी ताडायचा. तुम्ही म्हणता तसा सूर चढवला, वेग थोडा वाढवला की हाच ठसा पुसट होतो. मुरलेला चोर निसटतो आणि साधा माणूस सापडतो.

दुसरी भानगड लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायच्या तयार तुकड्याची. संबळाची किंवा ढोलाची तयार लूप विकत किंवा फुकट मिळते, दहा जण ती वापरतात. त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकलं की बाकी नऊ जणांवर क्लेम. युट्यूबच्या नियमानुसार फक्त स्वतःचा एकट्याचा हक्क असलेलंच तिथे द्यायचं असतं, सामायिक लूप किंवा कॉपीराइट संपलेली चीज नाही. पाळतो कोण? वितरकाच्या फॉर्मवर टिक करायची, संपलं.

साउंडवाला_अमळनेर
सूर बदललेलं आता बऱ्यापैकी पकडलं जातं, ती अडचण जुनी झाली. लूपचं मान्य. पण ती नोंदणीतली लबाडी आहे. खोट्या सातबाऱ्यावर कोणी जमीन विकली म्हणून तलाठी कार्यालयच बंद करायचं का?

तापीकाठची_मास्तरीण
बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. मरणोत्तर छापलेल्या साहित्याला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०१३ पासून त्या सगळ्यांच्या. जळगावच्या शाळेतली मुलगी स्वतःच्या चालीत त्यातली कविता म्हणू शकते. पण नामवंत गायिकेनं म्हटलेल्या रेकॉर्डिंगची ६० वर्षं वेगळी, आणि संगीतकाराची चाल त्याच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांपर्यंत वेगळी. एका गाण्यात तीन हक्क, तीन मुदती. मशीनला यातलं "शब्द मोकळे, चाल बंद" कसं शिकवणार?

धुळे_कोर्ट
ताईंनी नेमकं धरलं. पोलंडनं कलम १७ ला आव्हान दिलं होतं. युरोपीय न्यायालयानं २६ एप्रिल २०२२ ला कलम टिकवलं, पण कायदेशीर आणि बेकायदा यातला फरक न कळणारा फिल्टर चालणार नाही, असं सांगून. शिवाय त्या निर्देशात टीका, अवतरण आणि विडंबन यांना स्पष्ट संरक्षण आहे. आपल्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन येतं. विडंबन हा शब्दच नाही. हिंदी सिनेमाच्या सीनला अहिराणी संवाद लावून जे व्हिडिओ चालतात, ते आज करड्या पट्ट्यात आहेत. मालक दुर्लक्ष करतात म्हणून तगलेत. फिल्टर दुर्लक्ष करत नाही.

गिरणाकाठ
आणि ब्लॉक करण्याची आपली सवय विसरू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये सिनेमाच्या पायरसीवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं अडीच हजारांहून जास्त साइट बंद झाल्या, त्यात इंटरनेट आर्काइव्हसुद्धा. अख्खं ग्रंथालय गेलं! उलट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरसकट साइट बंद करायला नकार देऊन तपासलेल्या नेमक्या लिंकच मागितल्या होत्या. ते शहाणपण मला पटतं.

साउंडवाला_अमळनेर
नेमक्या लिंक देईपर्यंत साइट नाव बदलून बसते. म्हणून तर दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये नव्या आरशी साइटही (त्याच साइटच्या हुबेहूब नकला) त्याच आदेशात जोडायची सोय केली.

बरं, मधला रस्ता सांगतो. जर्मनीनं २०२१ मध्ये कलम १७ आपल्या कायद्यात आणलं, ते बघा. १५ सेकंदांपर्यंतचा आवाज किंवा व्हिडिओ, १६० अक्षरं, १२५ केबीचं चित्र, आणि मूळ कृतीच्या निम्म्याहून कमी भाग दुसऱ्या मजकुरात मिसळलेला असेल तर तो आपोआप अडवता येत नाही. चढवणारा "हे वैध आहे" असं आधीच नोंदवू शकतो. मालकीचा खोटा दावा वारंवार करणाऱ्याला अडवायला सांगण्याच्या सोयीतून काही काळ बाहेर काढतात. असं आलं तर तुमचा विरोध राहील?

पावरी
निम्मा राहील. १५ सेकंदांची सवलत अहिराणी डबिंगवाल्याला पुरते, कानबाईचं गाणं आठ मिनिटांचं असतं. आणि खर्च कोणाच्या माथी? कंटेंट आयडीवर १० कोटी डॉलरहून जास्त घातले, असं गूगलनं २०१८ मध्ये सांगितलं होतं. नंदुरबारचं एखादं बातमी पोर्टल वाचकांचे व्हिडिओ घेतं, ते फिल्टर कुठून आणणार? भाड्यानं, म्हणजे पुन्हा त्याच मोठ्यांकडून. युरोपनं तीन वर्षांपेक्षा नव्या आणि वर्षाला एक कोटी युरोपेक्षा कमी उलाढालीच्या सेवांना सूट दिली, तीसुद्धा चौथ्या वर्षी संपते.

साउंडवाला_अमळनेर
लहान पोर्टलला कायमची सूट द्या, माझी हरकत नाही. माझं गाणं चोरणारे तिथे बसलेलेच नाहीत.

भरीत_पुरी
हाई सगळी गोट खरी शे भो, पण आज कानबाईच्या व्हिडिओवर क्लेम आला तर करायचं काय?

धुळे_कोर्ट
क्लेम आणि स्ट्राइक वेगळे. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा दिसत राहतो, पैसे दुसऱ्याकडे जातात. युट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत निर्बंधाचा रकाना उघडा, तपशील बघा आणि नेमके कोणते सेकंद जुळवलेत ते ऐका. शब्द-चाल पारंपरिक आणि आवाज तुमचाच असेल तर विवाद दाखल करा. पाच दिवसांत केला तर क्लेमच्या तारखेपासूनची कमाई बाजूला ठेवली जाते. समोरच्याला उत्तराला ३० दिवस. त्यानं फेटाळला तर अपील, तिथे त्याला ७ दिवस. त्यानंतर त्याला एकतर क्लेम सोडावा लागतो किंवा काढण्याची रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि तेव्हा स्ट्राइक येतो. त्याला प्रतिनोटीस देता येते. मग समोरच्यानं कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर व्हिडिओ परत येतो. प्रतिनोटिशीत तुमचं नाव-पत्ता त्याच्याकडे जातो, हे धरून चला.

मूळ न कापलेलं रेकॉर्डिंग मोबाइलमधून पुसू नका. आणि कोणी उगाच धमकावत असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली तुम्हीच दावा लावू शकता. मात्र त्यानं स्वतः वेळेत उल्लंघनाचा दावा लावून तो चालवला तर हे कलम कामाला येत नाही.