कुंपणाचा हिशोब गुंठ्यावर नको

दहा गुंठ्यांना जाळीचं कुंपण आणि गेट करायला किती पैसे धरावेत, असं तुम्ही विचारलंय. पण गुंठ्यावरून आकडा निघत नाही हो, परीघ लागतो. प्लॉट चौरस असेल तर साधारण ४१७ फूट कुंपण. तेवढीच जागा ३३ बाय ३३० फुटांची पट्टी असेल तर ७२६ फूट! आठ फुटांवर एक खांब धरला तर बावन्न-त्रेपन्नऐवजी ९१.

आमची कोकणातली जागा अशीच लांबुडकी. दोन फूट खोलीवर जांभा दगड लागला आणि खड्ड्यांची मजुरी ठरल्यापेक्षा भलतीच वाढली. कोपऱ्याच्या खांबांचे तिरके टेकू कोटेशनमध्ये नव्हतेच. ते नसले की जाळी ताणताना खांब आत झुकतो.

गेटवर मात्र कंजूषी करू नका. आम्ही बारा फुटांचं एकच पाखं (म्हणजे एकच सलग दार) केलं, एका पावसाळ्यात लोंबलं. आता कडी लावायची तर आधी गेट उचलायचं, हे काम माझं. दोन पाखी करा आणि गेटच्या काँक्रीट खांबांचा खर्च वेगळा लिहून घ्या.

जागेच्या हद्दीची मोजणी झालीये ना? नसेल तर आधी तिची फी धरा.