मदत हवी आहे: व्हँकुव्हरजवळचे लाइटहाऊस पार्क, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला कोणती वाट झेपेल?

नमस्कार.

सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी बडोद्याहून मुलीकडे, कॅनडातील सरे येथे, जात आहोत. मी शाळेत अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले. सूचिपर्णी वृक्षांवरील प्रकरण प्रत्येक वर्षी शिकवले, परंतु पुस्तकातील चित्र आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील थोडी झाडे यांपलीकडे विद्यार्थ्यांना काही दाखवता आले नाही आणि मलाही ते अरण्य कधी पाहता आले नाही. म्हणून या प्रवासातील एक पूर्ण दिवस मी वेस्ट व्हँकुव्हरच्या लाइटहाऊस पार्कसाठी ठेवला आहे.

हीच जागा निवडण्याचे कारण सांगतो. पॉइंट ॲटकिन्सनच्या दीपगृहामागचे हे जंगल 1881 मध्ये राखीव झाले, त्यामुळे मोठ्या शहराच्या इतक्या जवळ असूनही तेथील जुने डग्लस फर हे सूचिपर्णी वृक्ष तोडले गेले नाहीत. त्यांपैकी काही सुमारे 500 वर्षांचे मानले जातात. खाली समुद्रालगतच्या उघड्या ग्रॅनाइटवर आर्ब्युटसची झाडे आहेत. ही कॅनडातील एकमेव स्थानिक रुंदपर्णी सदाहरित वृक्षजाती. तिची लालसर साल पापुद्र्यांनी सुटते आणि आतून गुळगुळीत खोड दिसते. आपल्याकडच्या कांडोळाची, गुजरातीत ज्याला कडायो म्हणतात त्याची, साल ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. डग्लस फर आणि आर्ब्युटस या दोन्हींच्या शास्त्रीय नावांत ‘मेंझिएसी’ हा शब्द आहे, तो 1792 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या जहाजावर असलेल्या आर्चिबाल्ड मेंझीस या निसर्गअभ्यासकाच्या सन्मानार्थ. ही दोन्ही झाडे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी पाहायला मिळावीत, अशी माझी फार इच्छा आहे.

अडचण पत्नीच्या गुडघ्याची आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाट वाटेवर, म्हणजे कमाटीबागेत, ती रोज सकाळी दोन फेऱ्या न थांबता मारते. पावागडच्या डोंगरावर मात्र उडनखटोल्यानंतरच्या (रोपवेनंतरच्या) पायऱ्या उतरताना तिला फार त्रास झाला. चढण्यापेक्षा उतरणे तिला अवघड जाते. तिला मागे ठेवून मी एकटा जाणार नाही, कारण झाडांची तिला माझ्याइतकीच आवड आहे आणि सालींचे रंग माझ्याआधी तिच्याच लक्षात येतात.

तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या मंडळींना विचारायचे आहे की समुद्रापर्यंत नेणारी कमी उताराची आणि मुळे-दगड नसलेली वाट कोणती, आर्ब्युटस पाहण्यासाठी खडकांवर चढावेच लागते का, आणि मुलीला सुट्टी मिळाली नाही तर बसने जाणे जमेल का?

प्रतिसाद 1

नमस्कार सर. मी मूळची बडोद्यातल्या दांडिया बाजारची, आता नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये राहते. माझे सासरे आले होते तेव्हा आम्ही बीकन लेन ट्रेल या वाटेने गेलो होतो. वाहनतळापासून दीपगृहाच्या दिशेने जाणारी ही वाट रुंद आहे आणि अंतरही फार नाही. परंतु जाताना उतार व येताना चढ असल्यामुळे काकूंना हाताशी काठी असू द्यावी. दीपगृहाच्या आत प्रवेश नाही. 1912 चा सध्याचा मनोरा समोरच्या खडकावरून दिसतो. ज्युनिपर पॉइंटकडची वाट सुंदर आहे, पण तेथे मुळे व दगड आहेत आणि पाऊस पडला की खडक निसरडे होतात, म्हणून काकूंना तिकडे नेऊ नये. व्हँकुव्हर शहरातून 250 क्रमांकाची बस मरीन ड्राइव्हवरून येते. सरेहून आधी स्कायट्रेनने शहरात यावे लागेल, त्यामुळे जाण्यायेण्यातच बराच वेळ जाईल आणि काकू थकतील. शक्य असल्यास मोटारीनेच यावे. ऑक्टोबरमध्ये पाऊस वाढतो, तेव्हा आल्यानंतरचा पहिलाच कोरडा दिवस गाठावा.

एक विनंती, फरचा खाली पडलेला शंकू हातात घेऊन जरूर पाहावा. खवल्यांमधून त्रिशूळासारखी टोके बाहेर आलेली असतात आणि उंदराचे मागचे पाय व शेपटी दिसावी तसे ते दिसते. पाहून झाल्यावर तो तेथेच ठेवावा.

मूळ धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. उताराची गोष्ट पत्नीला वाचून दाखवली. सावकाश, थांबत थांबत उतरू, असे ती म्हणाली. मुलीला शनिवार मोकळा ठेवायला सांगितले आहे. आता एकच विचारतो: बीकन लेनवर मध्ये बसण्यासाठी बाके आहेत का, की घडीची लहान खुर्ची सोबत घ्यावी?